स्वीडनकाकांची किल्ली

स्वीडनकाका स्टॉप साइनला थांबले की थांबलेच. मागे चार गाड्या हॉर्न देत असोत, आडव्या रस्त्यावर चिटपाखरू नसो, हे मनातल्या मनात पाच आकडे मोजणार आणि मगच ब्रेकवरचा पाय उचलणार. शेजारी बसून माझं डोकं फिरायचं.

मूळचे सांगलीचे. इकडे परदेशात येऊन नोव्हाय गावातल्या गाड्यांच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलं, पण नाव पडलं ते त्याआधीच्या एका वर्षावरून. १९६७ साली ते स्वीडनमध्ये शिकाऊ इंजिनिअर होते, आणि त्याच वर्षी त्या देशानं डावीकडून चालणारी वाहतूक उजवीकडे नेली. एका रविवारी पहाटे रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या थांबल्या, हळूच पलीकडे सरकल्या, पुन्हा थांबल्या आणि पाच वाजता उजव्या बाजूनं निघाल्या. काका ते बघायला फुटपाथवर उभे होते. ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेन, पोळ्या लाटतानासुद्धा.

मी लग्न होऊन इथं आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. गाडी येत नसल्यानं साधं दूध आणायलाही नवरा संध्याकाळी घरी यायची वाट बघावी लागे. मला ड्रायव्हिंग शिकवलं ते काकांनी. "अगं, अख्ख्या देशानं बाजू बदलली, तुला एक लेन बदलता येत नाही?" असं भर हायवेवर विचारायचे. मी संतापानं रडायचे. तिसऱ्या खेपेला टेस्ट पास झाले आणि पहिल्यांदा एकटी कोथिंबीर आणायला गेले, तेव्हा मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी आले.

मागच्या वर्षी ग्रोसरीच्या पार्किंगमधून बाहेर पडताना काकांनी गाडी सरळ डाव्या, म्हणजे इथल्या उलट्या, बाजूला घातली. समोर ट्रक. कसंबसं निभावलं. "झोप झाली नाही गं नीट," म्हणाले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मी दूर अर्विंग शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीला फोन केला, तर ती म्हणते, "तूच सांग ना यार, तुझं ऐकतात ते." बाप हिचा आणि वाईटपणा मी घ्यायचा! आठवडाभर धुसफुसत होते.

शेवटी मीच सांगितलं, काका, आता गाडी चालवू नका. त्यांनी कप खाली ठेवला.

"स्वीडननं लोकांना चार वर्षं आधी सांगितलं होतं," ते म्हणाले. "दुधाच्या खोक्यावरसुद्धा छापलं होतं. तू चहा ओतता ओतता सांगतेस."

मग खिशातून किल्ली काढून साखरेच्या डब्याशेजारी ठेवली. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. ते भांडलेच नाहीत, याचा मला भयंकर राग आला.

"कुठंही जायचं असलं तर मला फोन करा," असं मी छातीठोकपणे म्हटलं होतं. पण माझं ऑफिस, मुलांचे क्लास, कधी बर्फ. चार वेळा कॅन्सल केल्यावर त्यांनी विचारणंच सोडलं. मार्चमध्ये मुलगी आली आणि त्यांना अर्विंगला घेऊन जायचं ठरवून मोकळी झाली.

एअरपोर्टला मीच सोडलं. प्रत्येक स्टॉप साइनला मी थांबले, पाच मोजले. मुलगी मागे फोनवर, काका शेजारी खिडकीबाहेर बघत. उतरताना दाराला धरून जरा उभे राहिले.

"सगळा रस्ता नीट चालवलास," म्हणाले. "एखादी तरी चूक करायचीस. मला बोलायला काहीतरी मिळालं असतं."