घोटीच्या मावशींचा जबडा

दातांच्या कॉलेजातली ती थंडी आठवली की मला आधी आठवतो तो जेल, सोनोग्राफीच्या आधी कातडीला लावतात तो. नाशिकच्या डिसेंबरात तो इतका गार पडायचा की मी बाटली कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे. तरी कानापुढे लावला की बाया दचकायच्या.

माझा प्रबंध जबड्याच्या सांध्यावर होता. तोंड उघडताना कानापुढचं हाड किती पुढे सरकतं ते सोनोग्राफीने मोजता येतं. पण त्या मोजमापावर भरवसा ठेवावा का, हे मला बघायचं होतं. म्हणून एकाच माणसाचा सांधा आधी माझे मार्गदर्शक सर मोजायचे, मग मी. एकजण मोजत असताना दुसऱ्याने बाहेर थांबायचं, आकडा सांगायचा नाही. दोघांचे आकडे जुळले, तरच पद्धत खरी.

पुरुषांचे जुळत होते. बायकांचे जुळेनात. सरांचा आकडा दर वेळी माझ्यापेक्षा कमी.

सर माझ्या वडिलांच्या वयाचे. ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"तुझा हात नवा आहे, नाहीतर पद्धतच कच्ची. या आठवड्यात जुळलं नाही तर विषय बदलू."

म्हणजे वर्ष वाया. घरून मला परीक्षेपर्यंतचीच मुदत होती. पुढे स्थळं बघायची ठरलेली. मी "येस सर" म्हणाले. इंग्रजी शाळेने मला गप्प बसायची ही चांगली सोय करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी घोटीच्या एक मावशी तयार झाल्या. नवऱ्याच्या कवळीसाठी सोबत आल्या होत्या. सोनोग्राफी म्हटल्यावर टेबलावर आडव्या होऊन त्या पोटावरचं लुगडं सारायला लागल्या.

"मावशी, पोट नाही, गाल."

"गालात काय पोर हाय का गं?" आणि स्वतःच हसल्या, तोंडावर पदर धरून.

सर आत आले तशी मी निघाले. मावशींनी माझी ओढणी धरली. "तू नको जाऊ. हितंच उभी ऱ्हा."

सर म्हणाले, "थांब, पण स्क्रीनकडे पाठ कर."

म्हणून पहिल्यांदाच मी आकड्यांकडे न बघता माणसाकडे बघत उभी राहिले. सरांची नजर स्क्रीनवर. "तोंड उघडा. पूर्ण," ते म्हणाले. मावशींनी ओठ अर्धेच उघडले आणि पदराचं टोक वर घेतलं. सरांना ते दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी आकडा टिपला आणि बाहेर गेले.

मग मी सोनोग्राफीचा प्रोब त्यांच्या कानापुढे टेकवला. मावशींनी पार दाढा दिसतील एवढा आ केला.

"मघाशी का नाही उघडलं एवढं?"

"एवढ्या मोठ्या माणसापुढं म्हशीगत जबडा वासू? बरं दिसतं का ते?"

मला ते लगेच पटलं. मीही सरांसमोर जांभई गिळायचे.

आता हे सरांना सांगायचं होतं. व्हरांड्यात मी इंग्रजीत सुरुवात केली, पण पदराशी येऊन अडले. मग मराठीतच म्हणाले, "सर, बायका तुमच्यासमोर तोंड पूर्ण उघडत नाहीत. लाजतात."

सर म्हणाले, "माझी आईसुद्धा डॉक्टरला अशीच जीभ दाखवते. टोकापुरती."

त्यांनीच तोड काढली. ते मावशींच्या डोक्यामागे बसले, तोंड स्क्रीनकडे, एक शब्द बोलायचा नाही. मी स्क्रीनकडे पाठ करून समोर उभं राहायचं आणि पट्टीने बघायचं, मावशींचं तोंड दोन्ही वेळा तेवढंच उघडलंय ना. मावशींनी मागे वळून खात्री केली आणि मला म्हणाल्या, "आता बघ कशी उघडते." 

सरांचं झालं, मग ते बाहेर गेले आणि मी मोजलं. शेवटी सरांनी दोन्ही कागद खिडकीपाशी शेजारी शेजारी धरले. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

"उद्यापासून सगळ्या बायकांचं पुन्हा मोजायचं. असंच," ते म्हणाले. "विषय हाच ठेव."

मावशी गालावरचा जेल पदराने पुसत होत्या. "जमलं का गं तुझं?"

"जमलं, मावशी."

"मग सोड आता. मालक फाटकाशी उभं हाईत, घोटीची गाडी जायची आमची."

मी त्यांच्यासोबत फाटकापर्यंत गेले. रस्ताभर त्या बोलत होत्या, आणि नवल म्हणजे, मीही.