पप्पांचा मायक्रोमीटर

मागच्या रविवारी आमच्या पुंडलिकनगरच्या घरात पापडाची जाडी मोजली गेली. शून्य पॉइंट सहा दोन मिलिमीटर... कच्चा पापड, भाजलेला नाही.

कंपनीत जेवणाच्या सुट्टीत एक विषय नेहमी निघतो. पैसे वस्तूंवर घालवू नयेत, अनुभवांवर खर्च करावेत, असं सगळ्यांचं मत. मलाही पटलं होतं. दिवाळीच्या बोनसमधून आई-पप्पांना विमानानं केरळला न्यायचं ठरवलं, रजेचा अर्जही लिहून ठेवला.

पप्पा नाही म्हणाले. तीस वर्षं ते एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होते. दोन वर्षांपूर्वी ते बंद पडलं, तेव्हापासून त्यांना कुठंच जायचं नसतं. टीव्ही चालू असतो, पण ते बघत नसतात... मला काळजी त्याची होती.

वर्कशॉपमधला, केसाचीही जाडी मोजणारा मायक्रोमीटर सुपरवायझरच्या कपाटात, कुलपात असायचा. पप्पा सही करून घ्यायचे, सही करून परत द्यायचे. स्वतःचा कधीच नव्हता. मी कंपनीत क्वालिटी तपासणीत असल्यामुळे मला हे आठवलं असेल. केरळ रद्द केलं आणि एक चांगला मायक्रोमीटर घेतला. कंपनीत कुणाला सांगितलं नाही.

आईनं डबा उघडून बघितला. यापरीस मिक्सर आणला असता तर कामाला तरी आला असता, असं म्हणून ती पापड लाटायला बसली.

पप्पा उठले. हात धुऊन आले. आतली धूळ निघावी म्हणून कोऱ्या कागदाचा तुकडा मायक्रोमीटरच्या तोंडात हलकेच धरून ओढला, मग तोंड मिटवलं आणि चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.

"झिरो लागत नाय. दोन रेघा पुढं हाय. तू बघितलंच नाय व्हय?"

नव्हतंच बघितलं. हेच न बघण्यावरून मी रोज दुसऱ्यांना बोलते... भेटवस्तू म्हणून आणला, त्यामुळे ते मोजायचं साधन आहे हेच विसरले.

डब्यातला छोटा पाना घेऊन त्यांनी झिरो लावला. हात जरासुद्धा हलला नाही. आमच्या लॅबमध्ये इतक्या शांतपणे हे काम करणारं कुणी नाही, मी धरून.

मग मोजणं सुरू झालं. आईची बांगडी, माझं आयकार्ड, वाळत घातलेला पापड. बोटांत धरून आधी आकडा सांगायचे, मग मोजायचे. पापडाला फक्त एका रेघेचा फरक आला. माझ्या पोळ्या तेवढ्या सोडा, असं आईनं बजावलं. टीव्ही बंद होता... तो कधी बंद झाला, कुणाच्या लक्षात नाही.

भांड्यांवर घालतात तसं याच्यावर नाव घालून आण, हेही आईनंच सुचवलं. आमच्या लॅबमध्ये नाव कोरायचं पेन आहे. तुमचं नाव मराठीत कोरू की इंग्रजीत, असं मी पप्पांना विचारलं.

"माझं कशाला? तुझं पूर्ण नाव टाक, माय. मधी मी हाय की."

वस्तू की अनुभव, यावर कंपनीत अजून चर्चा चालते. मी ऐकून घेते. काल सुट्टी झाल्यावर मायक्रोमीटरच्या फ्रेमच्या कडेला तीन शब्द कोरले... मधला सगळ्यात सावकाश.