मालनबाईची अर्धी गोळी

अंबडच्या अलीकडं-पलीकडं दहा गावांत कुणाच्या घरी हळद लागली आणि मालनबाईला सांगावा गेला नाही, असं कधी झालं नाही. बाई तशी मजूर. मोसंबीच्या बागेत खुरपणारी, दुष्काळात खडी फोडलेली. पण गळा असा, की खडीवर तिनं ओवी धरली की मुकादम ओरडायचं विसरायचा. हे खुद्द मुकादमाचं सांगणं, पदरचं काही नाही.

दुष्काळ सरला आणि त्या गळ्यालाच काय झालं कोण जाणे. सकाळी बरी असायची, पण दिवस कलला की पापण्या आपोआप मिटायच्या. चार घास चावले की जबडा थकायचा. दुसऱ्या ओवीला आवाज नाकातून यायचा आणि तिसरीला पार बसायचा. कुणी म्हणालं, नजर लागली. कुणी म्हणालं, बाई प्यायला लागली. या दुसऱ्याला तिच्या नवऱ्यानं, अप्पारावानं, भर पारावर असं झाडलं की तो त्यांच्या दारावरून जायचाच बंद झाला.

शेवटी दुखणं ओळखलं ते शिवकन्या डॉक्टरांनी. त्या दर गुरुवारी औरंगाबादहून जालन्याच्या दवाखान्यात यायच्या. हात-पाय-जबडा धड आहेत, म्हणाल्या, पण नसांचा निरोपच तिथवर पोचत नाही. त्यांनी दंडात सुई टोचली, आणि थोड्या वेळात मालनबाईचे डोळे टक्क उघडले. अप्पाराव तिच्याकडं बघतच राहिला.

"काय बगून राह्यले?" ती म्हणाली, आणि आवाज खणखणीत. अप्पाराव भर दवाखान्यात रडला. रडू दे की, बायको परत मिळाल्यावर माणूस रडणार नाही तर काय करणार.

पण सुईचा गुण टिकायचा घटकाभर. डॉक्टरीणबाई जास्त टिकणारी नवी गोळी पारखत होत्या. त्यांनी या दुखण्याच्या बायांना बाकावर बसवून सरळ सांगितलं, "निम्म्या बाटल्यांत खरी गोळी आहे, निम्म्यांत नुसती खडूची. कुणाला कोणती, ते मलाही माहीत नाही. माहीत असलं तर मी मनानंच गुण आलेला बघेन. पावसाळ्यापर्यंत पारख चालेल, मग सगळ्यांना खरी देऊ. तोवर दुसरीची गोळी घ्यायची नाही, आणि साठवून एकदम तर बिलकूल नाही. जिवावर बेतेल."

मालनबाईला पावसाळ्यापर्यंत दम कुठला? वैशाखात तिच्या बेबीनंदाचं लग्न होतं. एकुलती एक लेक. दहा गावांच्या पोरी हिनं गाऊन नांदायला धाडल्या, आणि पोटच्या पोरीच्या हळदीला मुक्यानं बसायचं? दुसरं काही मागणं नव्हतं तिचं. तेवढा एक दिवस गळा चालावा.

आणि नशीब बघा, तिच्या बाटलीत खरी निघाली. आठ दिवसांत ती ज्वारीची कडक भाकरी कडाकडा चावायला लागली. आठ-आठ ओव्या एका दमात होऊ लागल्या. बाई नुसती फुलून गेली.

बाकावर तिच्या शेजारी सगुणाबाई बसायची. पिंपळगाव रेणुकाईची, चांगला जमीनजुमला असलेल्या घरची. पहिल्या गुरुवारी ती हातभर जागा सोडून बसली होती. कशासाठी, ते काही सांगायला नको. पुढं दुखण्याच्या गोष्टी निघाल्या आणि ती जागा भरून गेली. पण सगुणाबाईला काही गुण येईना. तिच्या बाटलीत खडूच होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

एका गुरुवारी दोघी लिंबाखाली भाकरी सोडून बसल्या. सगुणाबाई एका हातानं घास तोंडात घालत होती आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा जबडा खालून उचलून चावत होती. ते बघून मालनबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"सगुणाबाई, आना तुमची बाटली."

"अगं, दुसरीची घ्यायची न्हाई म्हणल्यात बाई."

"घिऊ नका म्हणल्यात. वाटून खाऊ नका, असं कुटं म्हणल्यात?"

"आन लेकीची हळद? तुजा गळा?"

"बगू मंग."

तिनं दोन्ही बाटल्या पदरात ओतल्या, कालवल्या आणि बराबर निम्म्या-निम्म्या भरल्या. एक गोळी सगुणाबाईच्या तळहातावर ठेवली, वर आपला तांब्या पुढं केला. सगुणाबाईनं तांब्याकडं एकदा पाहिलं आणि घटाघटा पाणी प्यायली.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरीणबाई चक्रावल्या. एकीचं चांगलं चाललेलं मागं आलं, दुसरीचं मागं पडलेलं पुढं गेलं. "असं कसं झालं?" त्यांनी दोनदा विचारलं. दोघींनी मिठाची गुळणी धरली. बस स्टँडवर मात्र दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

हळदीच्या दिवशी सगुणाबाई एस्टीनं मालनबाईच्या वस्तीवर आली. "त्या वस्तीत जेवणार का तुमी?" असं दिरानं विचारलं होतं. "आता चावता येतंय, तर जेवणारच," म्हणून ती निघाली होती. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. दुपारी मांडवात बेबीनंदा पाटावर बसली आणि सगळ्या बाया मालनबाईकडं वळल्या. तिनं डोळे पुसले आणि उचललं:

"हळदीच्या पाटावरी लेक बसली नटून,
माय गाती गीत, गळा येतो दाटून."

दुसरी ओवी झाली. तिसरीला आवाज नाकात शिरला, आणि अर्ध्यातच बसला. ओठ हलले, पण शब्द येईना. बेबीनंदानं मान खाली घातली. मालनबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

तेवढ्यात मागून एक चिरका, नवखा आवाज आला:

"दाटला गं गळा, तिला घोट पाणी पाजा,
राहिलेलं गीत गं, तेवढा वाटा माझा."

सगुणाबाई होती. गळा काही खास नव्हता, पण शब्द स्पष्ट होते. ती गात होती तोवर मालनबाई पाणी प्यायली, विसावली. सगुणाबाईचा जबडा थकला तसा हिचा आवाज परतला. मग एक ओवी हिची, एक तिची, अशी हळद चढू लागली. मांडवातल्या बाया टाळ्या धरून नाचायला उठल्या.

डॉक्टरीणबाई मात्र हातातली पत्रावळ घेऊन जागच्या उभ्या राहिल्या. जिला जबडा हातानं उचलावा लागत होता ती बाई गात होती. सगळा उलगडा झाला तशी त्यांनी कपाळावर हात मारला, आणि मग त्यांना हसू आवरेना. वाट काढत त्या मालनबाईपाशी आल्या.

"माझ्या पारखीचं वाटोळं केलंत दोघींनी. तुमची दोघींची नावं गाळावी लागतील मला. गुरुवारी या, दोघींनाही अख्खी खरी गोळी देते. आता तरी सांगा, कधीपासून चाललंय हे?"

मालनबाईनं त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि गप्प राहायची खूण केली. सगुणाबाईची ओवी संपत आली होती, आणि आता पाळी हिची होती.