घोड्यांसाठी गेलेल्या सुनंदाबाई

सर्जापूर गाव मागे टाकून माळूरच्या रस्त्याला लागलं, की डाव्या हाताला एक कच्ची वाट फुटते. तिच्या टोकाला विराज आणि पवित्रा या नवरा-बायकोचं ‘बीज’ आहे. बीज हे त्या जागेचं नाव. तिला शेत म्हणायचं नाही, फार्महाउस तर अजिबात नाही. तिथे विजेची तार नाही. म्हणजे तार वाटेच्या तोंडावरच्या खांबापर्यंत आलेली आहे, शेजारच्या वस्तीत पंखे फिरतात, टीव्ही चालतात. पण विराजनं ती आत घेतली नाही. बेंगळूरच्या आयटीवाल्या व्हाइटफील्डमध्ये वर्षानुवर्षं एसीत बसून काढल्यावर माणसाला अंधाराचं प्रेम येतं, त्यातला हा प्रकार. छपरावर सौरपट्ट्या आहेत. त्यांच्यावर पाण्याचा पंप चालतो आणि विराजचा लॅपटॉप चालतो. त्या लॅपटॉपवरून तो विजेशिवाय जगण्याचे व्हिडिओ जगाला पाठवतो. मिक्सरला मात्र तेवढी वीज पुरत नाही. त्यासाठी पाटा-वरवंटा आहे, आणि पाटा-वरवंटा म्हटला की त्याच्यापुढे बसायला कुणीतरी बाई लागते.

ती बाई म्हणजे बेळगावच्या सुनंदाबाई कडोलकर.

सुनंदाबाई टांगेवाल्याची मुलगी. वडील रघुजी बेळगाव स्टेशनवर टांगा लावायचे. घोडीची लीद काढणं, खरारा करणं, तोबऱ्यात चंदीचा दाणा भरणं, साज चढवून टांगा जुंपणं, सगळं पोरगी सुनंदा करायची. टांगा जुंपून तयार झाला, की तिचा धाकटा भाऊ वर चढून लगाम धरायचा. त्याला साजातला पट्टा कुठला आणि पोटाखालचा तंग कुठला हेही कळत नव्हतं, पण तो मुलगा होता. सुनंदा खाली उभी राहून टांगा वळणाआड जाईपर्यंत बघायची. एकदा तरी तिथं बसायचं, एवढीच तिची हौस. लग्न झालं, नवरा गेला, टिळकवाडीत इंजिनिअरिंगच्या पोरांची खानावळ चालवून तिनं मुलाला, योगीराजला शिकवलं, तरी ती हौस गेली नाही. खानावळीचं शेवटचं पातेलं घासून पालथं घातलं तेव्हा बाई म्हणाल्या, बास, आता माणसांना जेवायला घालणं संपलं.

मग योगीराजनं आईला आराम करायला बेंगळूरला आणलं. सर्जापूर रोडवरचा चौदावा मजला, सून सिद्धी, नातू, आणि दोन वेळचा स्वयंपाक. आई, तुझ्या हातची चव कुणाला येणार, असं म्हणत त्यानं चार वर्षं आराम करवला. शेवटी नातू दिवसभराच्या शाळेत जायला लागला, एक स्वयंपाकीण ठेवली गेली, आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर ‘बीज’ची जाहिरात आली. घोड्यांच्या सेवेसाठी स्वयंसेवक हवेत. राहणं-जेवणं मोफत, अनुभव अमूल्य. सुनंदाबाईंनी ‘घोडे’ एवढा एकच शब्द वाचला आणि पिशवी भरली. योगीराजला वाटलं, चला, आईला चेंज मिळेल. अडवायचं काही कारण नव्हतं, स्वयंपाकीण होतीच.

आणि पहिल्याच संध्याकाळी बाईंनी घोडचूक केली. पाचसहा तरुण स्वयंसेवक चुलीभोवती डोळे चोळत बसले होते. लाकडं ओली, धूर डोळ्यांत, आणि खिचडी खालून करपत वरून कच्ची. पुण्याची सोनम नावाची मुलगी त्या खिचडीचा व्हिडिओ काढत होती. खानावळ चालवलेल्या बाईला हे बघवतं का? जरा सरका बघू, म्हणत तिनं पदर खोचला आणि पळी हातात घेतली. तिथेच संपलं सगळं. अशा जागी बाईमाणसानं पळीला हात लावायचा नसतो, एवढी साधी गोष्ट साठी उलटलेल्या बाईला कळू नये! त्या रात्री सगळ्यांनी बोटं चाटली. विराजनं दोन्ही हात जोडून, डोळे मिटून सांगितलं, “आंटी, यू आर अ ब्लेसिंग. ही चूल तुमचीच वाट बघत होती.”

दुसऱ्या दिवसापासून चूल बाईंची झाली. माणसांचं झालं की कुत्र्यांचं. ‘बीज’वर चौदा कुत्री, त्याहून जास्त मांजरं, एक गाढव आणि एक चिडकी टर्की होती. कुत्र्यांना मांस द्यायचं नाही, कारण विराज-पवित्रा मांस खात नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी भोपळ्याचा भात शिजायचा. कुत्री तो शेपूट हलवत हुंगायची आणि दुपारी देवाप्पाच्या वस्तीत जाऊन कोंबडीची हाडं फोडून यायची. देवाप्पा हा तिथला एकुलता एक पगारी माणूस. तबेला झाडायचा, आणि पाच वाजले की सरळ घरी, टीव्हीपुढे. त्या सगळ्या आवारात शहाणा म्हणावा असा तो एकटाच.

घोडे तीन होते. त्यांची सेवा म्हणजे चार वाजता सगळ्यांनी तबेल्यात जाऊन घोड्याच्या मानेवर हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि त्याच्या श्वासात आपला श्वास मिळवायचा. घोडे बिचारे माश्या हाकलत उभे राहायचे. लीद उचलायला कुणी वाकत नसे, ते श्वासात बसत नव्हतं. सुनंदाबाईंनी दोनतीनदा विचारलं, घोड्याचं काम मला द्या की. तर विराज म्हणाला, “शुअर आंटी, चारच्या सेशनला याच.” चारला बाई भाकऱ्यांचं पीठ मळत असायच्या, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

त्या तिघांतली मोक्षा नावाची घोडी मैसूरच्या टांग्याची. विराजनं तिला तिच्या मालकाकडून सोडवून आणलं होतं, टांग्यासकट. घोड्याला कामाला जुंपणं ही हिंसा आहे, असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. टांग्याला पिवळा रंग देऊन तो फाटकापाशी फोटोंसाठी ठेवला होता आणि साज जेवणघराच्या भिंतीवर शोभेला टांगला होता. देवाप्पा त्याला दर आठवड्याला तेल लावी. घोडीला टांग्याला लावलं तर हिंसा, आणि बाईला चुलीला लावलं तर सेवा. हा हिशोब सुनंदाबाईंना चांगला कळला होता, पण पळी आपणच उचलली होती, बोलायचं कुणाला?

मग बाईंनी वेगळी युक्ती काढली. स्वयंपाक बिघडवायचा. आमटीत दोनदा मीठ घातलं. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांनी पाण्याचा माठ रिकामा केला आणि म्हणाले, काय बोल्ड फ्लेवर आहे. भाकरी काळी ठिक्कर होईस्तोवर ठेवली. सोनम म्हणाली, “आजी, हा स्मोकी टच किती ऑथेंटिक!” वांग्याच्या भाजीत चिंच इतकी कोंबली की दात आंबावेत. एका गृहस्थांना त्यांची गावाकडची आजी आठवली आणि ते तिथेच रडले. बाईंनी कपाळाला हात लावला. खानावळीतल्या पोरांनी असली आमटी ताटासकट परत पाठवली असती. ज्यांना चवच नाही, त्यांच्यापुढे वाईट रांधणंही फुकट जातं.

एवढं मात्र होतं, की पहाटे सगळे तंबूत घोरत असताना बाई तबेल्यात जायच्या. मोक्षाला खरारा करायच्या. घोडी पहिल्या दिवशी दूर सरली, दुसऱ्या दिवशी उभी राहिली, आणि मग एकदा तिनं आपलं डोकं बाईंच्या खांद्यावर टाकलं. सुनंदाबाईंना रडू फुटलं. इतक्या वर्षांत कुणी काही न मागता नुसतं टेकलं, असं झालंच नव्हतं. त्या घोडीला उभं राहून राहून कंटाळा आला होता. लांबून रस्त्यावर ट्रक वाजला की ती कान टवकारून कुंपणापर्यंत जायची आणि परत यायची. सारखी जायची आणि परत यायची.

असा महिना सरत आला. त्या रविवारी ‘बीज’वर खुला दिवस होता. व्हाइटफील्डकडून चाळीस माणसं यायची होती. फाटकावर फळा लागला, ‘सुनंदा आजींची चूल’, आणि खाली बाईंचा धुरात डोळे बारीक केलेला फोटो. त्यांना विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला, चांगलंच तर लिहिलं होतं!

चाळीस माणसं आली आणि त्यांच्यामागून योगीराजची गाडी आली. स्वयंपाकीण काम सोडून गेली होती. सिद्धीला आता रोज ऑफिसात जावं लागत होतं. आईला न्यायला तो आला होता. आई पाण्याच्या हौदाशी तांदूळ धूत होती आणि तो विराजपाशी आंब्याखाली उभा होता. मधे तबेल्याची भिंत. बाईंना दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

“आय टोटली गेट इट,” विराज म्हणाला, “पण आता आमचे सगळे वीकएंड त्यांच्या नावावर बुक झालेत.”

“हो, पण वीकडेजला आम्हाला लागेल ती. मुलाचा डबा असतो.”

“मग असं करू या का? सोमवार ते शुक्रवार तुम्ही ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी पाठवतो.”

“शुक्रवारी रात्रीचं जेवण उरकून पाठवली तर चालेल?”

“परफेक्ट! आणि सणावाराला काय करायचं?”

सुनंदाबाई तांदळाची परात हातात घेऊन उभ्याच राहिल्या. जनावरांच्या बाजारात व्यापारी निदान रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करतात. जनावरापुढे आकडा बोलू नये, एवढी लाज त्यांनाही असते. इथे पोटचा पोरगा आईचे वार वाटून देत होता, आणि समोरचा तिचे सणवार मागत होता. दात तेवढे बघायचे राहिले होते. बाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. पोराचा राग आला, आणि त्याहून जास्त आपला आला.

त्यांनी परात हौदाच्या कठड्यावर ठेवली. जेवणघरात जाऊन भिंतीवरचा साज उतरवला. तबेल्याच्या दारात देवाप्पा भेटला.

“अक्का, अडुगे?” स्वयंपाकाचं काय, असं त्यानं कानडीत विचारलं.

“आज नाही,” बाई म्हणाल्या.

देवाप्पानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा साजाकडे. “सरी,” म्हणाला आणि बाजूला झाला.

मोक्षानं साज बघितला आणि मान खाली केली. बाईंचे हात भराभर चालले. पट्टा, तंग, मग फाटकापाशी नेऊन टांग्याच्या दांड्या. बोटं कुठेही अडखळली नाहीत. टांग्यावरच्या झेंडूच्या माळा त्यांनी ओढून काढल्या आणि एक पाय पायरीवर ठेवून वर चढल्या. इथपर्यंत सगळं येत होतं. पुढचं कधी केलंच नव्हतं. दोन्ही हातांत लगाम घेऊन ती म्हातारी क्षणभर पोरीसारखी बावरून बसली. मग तिनं जीभ टाळूला लावून ‘टक्’ केलं. घोडीला तेवढंच हवं होतं.

विराज धावत आला. एरवी सावकाश चालण्यावर प्रवचन देणारा हा माणूस एवढा पळू शकतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. “आंटी, स्टॉप! धिस इज व्हायोलन्स! तिला विचारलंत का तुम्ही?”

“महिनाभर रोज पहाटे विचारालोय तिला,” सुनंदाबाई मान न वळवता आपल्या बेळगावी बोलीत म्हणाल्या. “तुम्ही आन् माझ्या पोरानं, दोघांनी मला कधी विचारलासा?”

फाटकापाशी जमलेल्या चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. पुढच्या फेरीला आपला नंबर लागावा म्हणून काहींनी रांगही धरली. त्या दुपारी त्यांना केळी आणि चुरमुरे मिळाले, आणि ‘आज आम्ही अग्नीशिवाय जेवलो’ असं विराजनं जगाला कळवलं. शेकडो लोकांना ते आवडलं.

कच्ची वाट संपून डांबर लागलं तशी मोक्षाची चाल बदलली. टापा वाजायला लागल्या. वारा बाईंच्या तोंडावर आला, पदर सुटला, आणि त्या चक्क मोठ्यानं हसल्या. रस्त्यात बघणारं ओळखीचं कुणी नव्हतं. असतं तरी त्यांनी पर्वा केली नसती.

माळूरच्या बाजूला एका चहाच्या टपरीपाशी त्यांनी टांगा उभा केला. टपरीवाल्यानं चहा आणि गरम बोंडे वर आणून दिले. बाई टांग्यातच बसून खात होत्या, तेवढ्यात मागून योगीराजची गाडी आली. तो उतरला. घामाघूम झाला होता. आई पडली असेल, तिला लागलं असेल, ही भीती त्याच्या तोंडावर होती. नाही म्हटलं तरी पोरगा वाईट नव्हता. पण ती धडधाकट दिसल्याबरोबर भीती गेली आणि तो म्हणाला, “आई, हे काय चाललंय तुझं? आणि आता संध्याकाळचं काय करायचं? सिद्धी एकटी...”

सुनंदाबाईंनी बोंडा शांतपणे खाल्ला. दुसऱ्या कुणीतरी केलेलं, गरम, आणि आपण बसल्या जागी. मीठ स्वल्प कमी होतं. त्यांनी ते चालवून घेतलं.

“उद्यापासून मी तबेल्यात,” त्या म्हणाल्या. “विराजला पटलं तर त्याच्याकडं, नाही तर दुसरीकडं घोडी असेल तिथं जातो मी. घरला पाव्हणी म्हणून येतो, ताट वाढा, जेवतो.”

“अगं, पण मग तिकडे कोण करणार? आणि विराजकडे चाळीस माणसं...”

“ते तुम्ही दोघं बसून ठरवा. सोमवार ते शुक्रवार तू रांध, शनवार-रविवार त्यो. तुमचं दोघांचं झकास जमतंय, ऐकलो मी भिंतीआडनं.”

बाईंनी कागदात उरलेला एक बोंडा त्याच्या हातात दिला आणि लगाम उचलला.