टाकीचा कॉक आणि माझा लाल टॅग

तोंडातला चहा आधी गिळून घ्या, मग सांगतो. नाहीतर हसताना शर्टावर सांडाल आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फोडाल!

मी चाकणला व्हॉल्व्हच्या कंपनीत क्वालिटीला आहे. अठरा वर्षं. रोज ढिगानं व्हॉल्व्ह तपासायचे आणि 'ओके' म्हणायचं, हीच माझी भाकरी. तरी माझा पोपट झाला तो एका व्हॉल्व्हनंच, राव!

चऱ्होलीच्या मामांकडे एक जुनाट गाडी आहे. पन्नास वर्षांपूर्वी मामी नवरी होऊन त्याच गाडीतून सासरी आल्या. आता लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मामांनी शब्द दिला, "ज्या गाडीतनं आणली, त्याच गाडीतनं म्हायेरी घिऊन जातो!"

"कशाला ती म्हातारी बाहेर काढताय?" असं मामी म्हणाल्या खऱ्या. पण जरीची साडी आठ दिवस आधीच इस्त्री करून ठेवली होती.

आणि नेमका टाकीखालचा पेट्रोलचा कॉक गळायला लागला. मामा मेकॅनिकला फोन लावत होते, मीच त्यांचा हात धरला.

"घरात व्हॉल्व्हचा माणूस असताना मेकॅनिक कशाला?"

"जमंल न्हवं, भाचेबुवा?"

"मामा, अठरा वर्षं झाली!"

झालं! सगळं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, पिंपरीतून हुडकून आणलेला नवा कॉक बसवला आणि कंपनीच्या शिस्तीप्रमाणे त्याला स्वतःच्या हातानं लिहिलेला लाल टॅगही लटकवला. पेट्रोल परत टाकीत ओतलं. खाली पेपर पसरला. अर्ध्या तासानं बघतो तर कागद ठणठणीत कोरडा! मी त्या कोरड्या कागदाचा फोटोसुद्धा काढला. हसू नका, अजून पुढे आहे.

गाडी झोकात निघाली. चऱ्होलीची वेस ओलांडली न ओलांडली, तोच दोन आचके दिले आणि गप्प.

"कॉक चालू हाय का बघ की," मामा म्हणाले.

मी वाकून बघितलं. टॅग पाइपाआड अर्धा दडलेला, उरलेल्या अर्ध्यावर माझंच वळणदार अक्षर: 'चालू'.

"चालू आहे!"

"हात लावून बघितलास का?"

"मामा, लिहिलंय त्याच्यावर! लिहिलेलं असलं की बघावं लागत नाही."

मग प्लग पुसले. कार्बोरेटर फुंकला, तोंडात पेट्रोलची चव आली. कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या चार जणांनी धक्का मारला, पण त्यांची बस आली आणि ते आम्हाला चढावरच सोडून पळाले. शिफ्ट कोण चुकवणार?

मामा मेव्हण्यांना फोनवर "आलो, आलो" सांगत होते. ओटीचं सामान मांडीवर घेऊन मागं बसलेल्या मामी हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. रिक्षा करू." आवाज असा पडलेला, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मला मान खाली घालून उभा राहिलेला बघून त्या पदर खोचून उतरल्या.

"आरं, शेगडी पेटंना तर आमी आधी कॉक बघतो. कुठाय त्यो?"

मी बोट दाखवलं. त्यांनी वाकून हात घातला, टॅग उपटला आणि मोठ्यांदा वाचला.

"काम चालू."



"काम चालू," मामा म्हणाले, "आन् गाडी बंद!"

आता कळलं, कागद कोरडा का राहिला? काम करताना बंद ठेवलेला कॉक मी उघडलाच नव्हता; बंद कॉकमधून गळणार काय, कपाळ? कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर आम्ही वेशीपर्यंत पोचलो होतो! मामींनी कॉक फिरवला, चार-पाच सेल्फ मारल्यावर गाडी खोकून सुरू झाली आणि सरळ माहेरच्या दारात जाऊन थांबली. मामी उतरल्या त्या अशा लाजल्या, की भावजयीला ओवाळणं सुधरेना.

तिथं सगळ्यांचा फोटो काढला. तो मोठा करून चऱ्होलीच्या हॉलमध्ये लावलाय. गाडी, मामा, मामी आणि कडेला मी. फोटोच्या आधी मामींनी माझ्या खिशाला काय अडकवलं, ते मला घरी आल्यावर कळलं.

आता कुणी पाहुणा आला आणि विचारलं, "हा कडेचा कोण?" की मामी म्हणतात,

"वाच की. लिवलंय त्याच्यावर!"