झोपलेल्यांचा डबा

कळमन्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सिंधूताई सुपरवायझर आहेत. म्हणजे थंड खोलीचं जाड दार कधी उघडायचं आणि किती वेळ, हे त्या ठरवतात. मे महिन्यात बाहेर नागपूर भाजत असतं आणि ताई साडीवर स्वेटर, कानाला मफलर अशा फिरत असतात.

माझी रूममेट नूपुर त्यांच्याकडे डबा घेऊन गेली तेव्हा मी सोबत होते. कॉलेजचा डीप फ्रीझर बंद पडला होता आणि डब्यात उत्तर ध्रुवाजवळची गोठलेली माती होती. ती वितळली की नूपुरचा सगळा अभ्यास पाण्यात.

ताईंनी आधी नाहीच म्हटलं. माती लागलेलं पोतं त्या झाडल्याशिवाय आत घेत नाहीत.

"किडे आहेत का वं याच्यात?"

"डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. झोपलेत."

"अन् उठले तं?"

नूपुरनं सांगितलं. उठले की बर्फात दबलेली जुनी मुळं खातात, वायू सोडतात. त्यानं हवा आणखी तापते, आणखी माती वितळते, मग शेजारचे उठतात. हे ताईंना लगेच पटलं. त्यांच्याकडे सुट्टीत नातवंडं एका ओळीत झोपतात.

डबा दोन पिशव्यांत गुंडाळून, झाकणाच्या पिंपात बंद होऊन मटरच्या पोत्यांमागे गेला. हमालांना ताकीद मिळाली, आत लेकरं झोपली आहेत.

दुसऱ्या दुपारी लाईट गेली. जनरेटर खोकला आणि गप्प झाला. नेमके तेव्हाच मटरचे व्यापारी मधुकरराव लग्नाच्या ऑर्डरचा माल न्यायला आले. टेम्पो उभा, आचारी फोनवर फोन करत होता. ताई दारासमोर खुर्ची टाकून बसल्या.

"माल माझा, अन् दार तुमचं काय?" मधुकररावांनी टोमणा मारला.

"आता उघडलं तं तुमचे मटर अन् पोरीचे किडे, दोघंही उठतीन. बसा गा भाऊ, चहा घ्या."

मधुकरराव कुरकुरत बसले. दुसरा चहा संपता संपता लाईट आली. मटर दगडासारखे गोठलेले निघाले आणि ते पोती टेम्पोत चढवायला लागले.

फ्रीझर दुरुस्त झाल्यावर नूपुर डबा न्यायला आली. माती तशीच टणक होती. तिनं ताईंना मिठीच मारली. ताईंनी स्वेटर नीट केला आणि विचारलं, "तिकडं ध्रुवाकडं दारावर कोण बसते वं?"

तेवढ्यात मागं कुणीतरी दार अर्धवट लोटून गेलं आणि ताई ओरडत तिकडे धावल्या.