मावसाजींची मातीची चकती

बाभुळगावात न चाटलेला माठ सापडलाच, तर तो माझ्या मावसाजींच्या नजरेतून सुटला असं समजावं. शाळेच्या प्रयोगशाळेत जन्मभर काचनळ्या धुऊन निवृत्त झालेला हा माणूस बाजाराच्या दिवशी माठवाल्यासमोर उकिडवा बसतो आणि खापराला जीभ लावतो. जीभ चिकटली तर माती सच्छिद्र, नाही चिकटली तर, "हे नुसतं भांडं व्हय!" एका लग्नात मठ्ठा पिऊन झाल्यावर त्यांनी मातीचा पेला बाहेरूनही चाटला. नवरीकडच्यांना वाटलं, मठ्ठा कमी पडला; आणखी दोन पेले आले.

हा सगळा खटाटोप हायड्रोजनवर चालणाऱ्या एका छोट्या विद्युतघटासाठी. एका बाजूला हायड्रोजन, दुसरीकडे हवा, मध्ये मातीची भाजलेली, भिजवलेली चकती. तिच्या ओल्या छिद्रांतून प्रोटॉन सरळ पलीकडे जातात; इलेक्ट्रॉनना मात्र तारेतून वळसा घ्यावा लागतो, आणि त्या वळशावर दिवा लागतो. चकतीच्या जागी लागणारे असले पडदे परदेशातून येतात. मावसाजींचा पडदा आपल्या मातीचा! मी स्वदेशीची पत्रकं वाचत वाढलेला. माझं रक्त उसळलं. त्यांना न विचारताच मी पत्रक छापून वाटलं: 'वीज आता आपल्या मातीतून! शनिवारी शाळेत या!'

"काहून बे," मावसाजी हादरले, "दिवा अजून दहा मिनिटंबी टिकून नाही राह्यला, अन् तू गाव बोलावून ठेवलं?"

तरी त्यांनी घालायला इस्त्रीचा सदरा काढला. ज्या टेबलावर जन्मभर सरांसाठी साहित्य मांडून ठेवलं, त्याच्या पुढच्या बाजूला ते पहिल्यांदाच उभे राहणार होते.

शनिवारी दिवा लागला. टाळ्या पडल्या. एप्रिलच्या उन्हानं चकती सुकली, दिवा विझला. "काका, चाटून पाहा ना!" मागून कोणी ओरडलं. हशा पिकला, माणसं उठली. मी मान खाली घातली.

मावशी मात्र पुढे आली. चकतीच्या बाहेर आलेल्या कडेला तिनं ओलं फडकं गुंडाळलं. "माठाले उन्हाळ्यात फडकं लागते का नाही? एवढंबी समजत नाही तुमाले?"

थोड्या वेळानं दिवा पुन्हा लागला. तोवर खोलीत आम्ही तिघंच उरलो होतो.

मावसाजी त्याच्याकडे नुसते पाहत राहिले. मग, जन्माच्या सवयीनं, पुढच्या तासासाठी टेबल पुसू लागले.

मी पुसायचं कापड त्यांच्या हातातून घेतलं आणि टेबल मीच पुसलं.